गावठी कोंबडीचं मूळ गाव

मालवणी खाणावळीच्या दारात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘जागा आहे का?’ आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, ‘कोंबडी गावठीच ना?’ पाटीवर तसं ठळक अक्षरांत लिहिलेलं असल्यामुळे मालक दुखावला जातो. गिऱ्हाईक मात्र निर्धास्त होऊन बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजायला बसतं. गावठी म्हणजे नेमकी कुठल्या गावची, हे कुणी विचारत नाही. विचारलं, तर खाणावळवाल्याला उत्तरासाठी थेट थायलंडपर्यंत जावं लागेल, आणि वाटेत निदान चार विद्वानांची भांडणं सोडवावी लागतील.

पहिले विद्वान फ्रेंच. पिएर सोनेरा हे गृहस्थ अठराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडले. दक्षिणेच्या रानात त्यांनी राखी रानकोंबडा पाहिला आणि घरच्या कोंबडीचा मूळपुरुष हाच, असं जाहीर केलं. सह्याद्रीत पहाटे चालणाऱ्यांना हा पक्षी चांगला ठाऊक असतो. म्हणजे त्याचा आवाज ठाऊक असतो, कारण दिसण्याआधीच तो झुडपात शिरलेला असतो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. इंग्रज साहेबांना ते इतके आवडले, की गळाला लावायच्या खोट्या माश्या करण्यासाठी ही पिसं इंग्लंडला जाऊ लागली. सह्याद्रीतल्या कोंबड्यानं स्कॉटलंडातल्या सामन माशाला फसवायचं, हा व्यवहार भारतानं निर्यातबंदी करेपर्यंत चालला. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात सोनेरांचं नाव कायमचं चिकटलं आहे. दाव्याचं मात्र दिवाळं वाजलं.

वाजवलं चार्ल्स डार्विननं. पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १८६८ साली आला. कोंबडीपुरता त्याचा मोठा आधार होता एडवर्ड ब्लाइद, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक. पगार तुटपुंजा, पण पक्ष्यांची माहिती अफाट. घरची कोंबडी तांबड्या रानकोंबड्याशी सहज संसार करते आणि त्या संसाराला पुढे नातवंडंही होतात. बाकीच्या रानकोंबड्यांशी जमलंच, तरी संतती बहुतेक वांझ निघते. सबब वारस एकच, तांबडा. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत राहणारा, तुरा ताठ ठेवून चालणारा हा पक्षी कोंबडीचा अधिकृत पूर्वज ठरला आणि सोनेरांचा अर्ज निकालात निघाला.

निकाल टिकला १४० वर्षं. २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटानं एक साधा प्रश्न विचारला, की कोंबडीचे पाय पिवळे का असतात? तांबड्या रानकोंबड्याचे पाय तर करडे असतात. मक्यातला आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग मोडून टाकणारं एक जनुक कोंबडीच्या कातडीत मंद पडलेलं असतं, म्हणून तो रंग तिथे साठतो. हे मंद जनुक आलं कुठून, याचा माग काढत संशोधक थेट राखी रानकोंबड्याच्या दारात पोचले. म्हणजे डार्विन मोठ्या हिश्श्यात बरोबर, पण पायांपुरता सोनेरांचा हक्क शाबूत. जगभरच्या कोट्यवधी कोंबड्या आज ज्या पिवळ्या पायांवर उभ्या आहेत, त्यांचा रंग आपल्या द्वीपकल्पातला आहे. इतक्या मोठ्या बातमीवर एखाद्या पक्षानं अजून मोर्चा काढलेला नाही, हे नवल.

मोर्चा काढणाऱ्यांनी पुढचंही ऐकून घ्यावं. २०२० साली चीनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं ८६३ कोंबड्यांची आणि रानकोंबड्यांची जनुकं तपासली गेली. तांबड्या रानकोंबड्याच्या पाच पोटजाती आहेत. त्यातल्या भारतीय पोटजातीच्या शास्त्रीय नावातच ‘मुर्गी’ आहे, त्यामुळे आपली बाजू भक्कम वाटत होती. पण कौल लागला तो नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या टापूत राहणाऱ्या वेगळ्याच पोटजातीला. भारतातल्या रानकोंबड्यांचं रक्त मिसळलं, पण ते नंतर, कोंबडी पाळीव होऊन इकडे आल्यावर.

राहता राहिला वयाचा प्रश्न. पूर्वी कोंबडीचं पाळीव वय दहा हजार वर्षंही सांगितलं जाई. २०२२ साली जर्मन आणि इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी ८९ देशांतल्या सहाशेहून अधिक स्थळांचे पुरावे पुन्हा उकरले आणि तिचं वय एकदम उतरलं. चीनमधली जुनी हाडं तितराच्या कुळातल्या पक्ष्यांची निघाली. युरोपातली कितीतरी ‘अतिप्राचीन’ हाडं प्रत्यक्ष तपासल्यावर पुष्कळच अलीकडची ठरली, कारण इतकी लहान हाडं मातीच्या थरांतून खाली घसरतात आणि खणणाऱ्याला आपल्या वयाबद्दल खुशाल थाप मारतात. निर्विवाद पाळीव अशी सर्वांत जुनी कोंबडी सापडली मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. मोहेंजोदडो तोवर ओस पडायला लागलं होतं.

आणि या सगळ्या उकरण्यातून जे कारण पुढे आलं, ते अगदी घरगुती आहे. तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर भात आणि राळ्यासारखी धान्यं पेरायला सुरुवात केली. खळं आलं, सांडलवंड आली. रानातला हा पक्षी बांबूच्या बिया टिपून राहणारा. त्याला पोटापाण्याची कायमची सोय दिसली. माणसानं जाळी टाकून, युक्ती लढवून कोंबडी पाळली, असं काही झालेलं दिसत नाही. जेवणाच्या वेळेला सहज डोकावलेला लांबचा पाहुणा जसा चातुर्मास संपेपर्यंत हलत नाही, तशी ती आली आणि राहिली. आली आहे तर तिला काय काम लावावं, हा विचार माणसानं सावकाश केला.

खाण्याचा विचार त्यात बराच उशिरा आला.

ज्युलियस सीझर ब्रिटनवर चालून गेला, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं, की हे लोक ससा, कोंबडी आणि हंसबदक खाणं निषिद्ध मानतात, पण मन रमवायला पाळतात. ब्रिटनमध्ये त्या काळातले कोंबड्यांचे सांगाडे अख्खेच्या अख्खे पुरलेले सापडतात, हाडांवर सुरीची खूण नसलेले. रोमन लोक त्यापुढचे. त्यांनी कोंबड्यांना थेट संरक्षण खात्यात घेतलं. लढाईआधी पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकायचे. अधाशासारखे टिपले तर शकुन चांगला, तोंड फिरवलं तर लढाई पुढे ढकलायची. इसवी सनापूर्वी २४९ साली सिसिलीजवळ द्रेपाना इथे सेनापती क्लॉडियस पुल्करच्या कोंबड्यांनी दाण्याला चोच लावली नाही. बहुधा त्यांना बोट लागली असावी. खात नाहीत तर पिऊ देत, असं म्हणून त्यानं सगळ्या समुद्रात फेकल्या आणि लढाई सुरू केली. नव्वदहून अधिक जहाजं गेली. रोमला परतल्यावर खटला झाला आणि दंडही. एवढ्या नौदलाच्या नाशात कोंबड्यांचा अपमान हे ठळक कलम होतं.

रोमनांनी नंतर चवही घेतली, आणि इतकी घेतली, की १६१ साली, तेही इसवी सनापूर्वीच, कायदा करावा लागला: जेवणात एकच कोंबडी, आणि तीसुद्धा मुद्दाम लठ्ठ केलेली नको. कायदा कोंबडीबद्दल होता, कोंबड्याबद्दल नव्हता. लोकांनी कोंबड्यांना दुधात भिजवलेला खुराक घालायला सुरुवात केली. कायद्याची पळवाट काढणं ही आपलीच खास प्रतिभा, असा आपला समज आहे. तो सोडलेला बरा.

आपल्याकडे मनुस्मृतीत द्विजांना जे पक्षी वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत ग्रामकुक्कुट आहे. ग्राम! म्हणजे गावातला, उकिरडा चिवडणारा. जिला गावठी म्हणून धर्मशास्त्रानं ताटाबाहेर काढलं, तिलाच गावठी म्हणून आज जादा भाव आहे. पुण्यात तर घरी ताटात चालत नाही, पण कोकणात गेल्यावर चालते, अशीही एक स्मृती प्रचलित आहे. तिचा कर्ता अज्ञात.

कोंबडीला लावलेल्या कामांत सर्वांत जुनं काम कोंबड्याकडे होतं: गाव उठवायचं. या नोकरीची चौकशी जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली झाली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, पण झाकलेल्या कोंबड्याचं पुढे काय होतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. जपान्यांनी पाहिलं. त्यांनी कोंबड्यांना रात्रंदिवस एकसारख्या मंद उजेडात ठेवलं, सूर्याचा पत्ताच लागू दिला नाही. तरीही ते आपापल्या वेळेला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या पोटातच असतं. साध्या दिवशीसुद्धा उजेडाच्या दोनेक तास आधीच त्यांची सुरुवात होते. म्हणजे झाकल्यानं तांबडं तर फुटायचं राहत नाहीच, कोंबडंही गप्प बसत नाही. म्हण करणाऱ्यानं निम्मंच सांगितलं होतं.

त्याच मंडळींनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका खुराड्यात चार कोंबडे असले, तर पहिली बांग सर्वांत वरच्या दर्जाचाच देतो. तो उशिरा उठला, तर बाकीचे ताटकळतात. जाग आलेली असते, घसा तयार असतो, पण साहेबांच्या आधी बोलायचं कसं? मग दुसरा, मग तिसरा, ठरलेल्या क्रमानं. पहिल्याला उचलून दुसरीकडे ठेवलं, की दुसऱ्याला त्याच पहाटे बढती मिळते आणि तो बिनदिक्कत उद्घाटन करतो. कोंबड्यांमधली ही उतरंड जगापुढे मांडली थोर्लाइफ श्येल्डरुप-एबे या नॉर्वेजियनानं, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. हा गृहस्थ लहानपणापासून घरच्या कोंबड्यांपुढे वही घेऊन बसे आणि कोण कुणाला टोचतं, याची नोंद ठेवी. सरकारी कचेऱ्यांचा अभ्यास त्यानं केला नाही. गरजही नव्हती.

कोंबडीनं माणसावर केलेला सर्वांत मोठा उपकार मात्र एका आडमुठ्या आचाऱ्याच्या नावावर जमा व्हायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अमलाखालच्या जावा बेटात बेरीबेरीनं माणसं मरत होती. पाय लुळे पडत, हृदय थकत असे. जंतूंच्या शोधांचे दिवस होते, त्यामुळे डच सरकारनं जंतू शोधायला डॉक्टर पाठवले. त्यातला ख्रिस्तियान आयकमान बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात प्रयोगशाळा मांडून बसला. जंतू काही सापडेना. १८८९ च्या सुमारास प्रयोगासाठी आणलेल्या कोंबड्याच लुळ्या पडायला लागल्या. ज्यांना काही टोचलं नव्हतं त्यासुद्धा. आणि काही महिन्यांनी, औषध न देता, सगळ्या ठणठणीत बऱ्या झाल्या.

आयकमाननं चौकशी केली, तेव्हा स्वयंपाकघर उघडं पडलं. कोंबड्यांची देखभाल करणारा नोकर पैसे वाचवायला इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात त्यांना घालत होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. शिस्त म्हणजे शिस्त! कोंबड्यांना मुकाट्यानं स्वस्तातला, कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालायला लागल्या. पुढे जावातल्या शंभरेक तुरुंगांतल्या कैद्यांचं जेवण आणि आजार तपासले गेले. जिथे गुळगुळीत पांढरा तांदूळ, तिथे बेरीबेरी जोरात. जिथे कोंड्यासकट, तिथे जवळजवळ नाही. खुद्द आयकमानला आधी वाटलं, की पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. त्यात विष काही नव्हतं, कोंड्याबरोबर जीवनसत्त्वच निघून गेलं होतं, हे त्याचा सहकारी खेरीट ख्रेन्स यानं १९०१ मध्ये ओळखलं. नोबेल मात्र १९२९ साली आयकमानला, हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाबरोबर अर्धं-अर्धं. आचाऱ्याचं नावही इतिहासात राहिलं नाही. कोकणात हातसडीच्या आणि उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या माणसांना हे सगळं समजावून सांगितलं असतं, तर त्यांनी पाव्हण्यालाही एक वाटी पेज दिली असती आणि विषय संपवला असता.

भाताच्या मागे आलेल्या पक्ष्यानं भातातलंच गुपित फोडलं, हा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक काढून टाकतील.

बाहेरून येऊन बस्तान बसवणारी कोंबडी एकटी नाही. टर्की हा पक्षी मेक्सिकोतल्या लोकांनी पाळला. स्पेन आणि पोर्तुगालच्या जहाजांतून तो जगात पसरला. १६१२ साली जहांगिरानं मुकर्रब खान या सरदाराला दुर्मीळ वस्तू आणायला गोव्याला धाडलं. खानानं घासाघीस न करता फिरंगी मागतील ती किंमत मोजली, असं बादशहानंच कौतुकानं लिहून ठेवलं आहे. पैसे कुणाचे होते, हे लक्षात घेता खानाचं औदार्य समजण्यासारखं आहे. आणलेल्या नगांत एक टर्की होता. सरड्यासारखे रंग बदलणारं डोकं आणि चोचीवर सोंडेसारखा लोंबणारा मांसल भाग पाहून बादशहा चाट पडला. दरबारी चित्रकार मन्सूरला बोलावून त्याचं चित्र काढवलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. पाककृती नोंदवायला कुणाला सांगितलं नाही, हे त्या पक्ष्याचं नशीब.

त्याच फिरंगी जहाजांतून मिरची आली, तीही अमेरिकेचीच. तेव्हा कोंबडी-वड्यांचं ताट पुढ्यात आल्यावर त्यात अस्सल देशी काय, याचा हिशेब मांडायला बसू नये. कोंबडी आग्नेय आशियातली, तिखट मेक्सिकोकडचं, धणे आणि मेथी भूमध्य समुद्र व पश्चिम आशियाच्या बाजूच्या, कांदा मध्य आशियातला. वड्यात घातलेला उडीद तेवढा निर्विवाद भारतीय आहे. ‘अस्सल मालवणी’ असं म्हणताना मान उडदाकडे वळवावी.

पक्ष्यांवरून माणसं वेडी होण्याचा आजारही जुनाच. चीनच्या बंदरांतून आलेल्या थोराड कोंबड्या व्हिक्टोरिया राणीनं पाळल्या आणि १८४० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत कोंबडीज्वर पसरला. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकनानं त्यात हात धुऊन घेतले, जाहिरात म्हणून खुद्द राणीला कोंबड्या भेट पाठवल्या आणि ज्वर उतरल्यावर, १८५५ साली, लोक कसे मूर्ख बनले यावर पुस्तक लिहून त्याचेही पैसे केले. महाराष्ट्रातला ताजा ज्वर कडकनाथाचा. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळी. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा पक्षी; छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही हक्क सांगितला होता, पण २०१८ साली भौगोलिक मानांकन मध्य प्रदेशाला मिळालं. अंडं मात्र फिकट बदामी असतं. तरीही काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो मोबाइलवर फिरत राहिले आणि २०१९ पर्यंत पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ योजनांत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्यावर बर्नहॅमसारखं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. पोलिसांत तक्रारी लिहिल्या.

आता बॉयलर. सिसील स्टील या डेलावेअरमधल्या गृहिणीनं १९२३ साली अंड्यांसाठी ५० पिलं मागवली. चुकून ५०० आली. परत पाठवायच्या भानगडीत न पडता बाईंनी ती वाढवली, मांसासाठी विकली, चांगले पैसे मिळाले आणि मग मुद्दामच जास्त मागवायला लागल्या. त्या चुकीच्या पार्सलातून केवढा धंदा उभा राहिला, याचं एक माप कॅनडातल्या संशोधकांनी घेतलं आहे. १९५७ सालच्या जातीची आणि २००५ सालच्या जातीची पिलं त्यांनी एकाच खाद्यावर वाढवली. ५६ दिवसांनी जुनं पिलू ९०५ ग्रॅमचं होतं, नवं ४ किलो २०२ ग्रॅमचं. एका अभ्यासानुसार पृथ्वीवर कुठल्याही क्षणी सुमारे २,२७० कोटी कोंबड्या जिवंत असतात, आणि आपल्या युगाची खूण म्हणून भविष्यातल्या भूगर्भतज्ज्ञांना खडकात कोंबडीचीच हाडं सापडतील. अंडी घालणाऱ्या व्यापारी जातींचं तर खुडूक बसणंही जवळजवळ बंद झालं आहे. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या कोंबडीला अंड्यांवर बसायला रजा कोण देणार? रानातली तिची पूर्वज वर्षाला दहा-पंधरा घालून समाधानी असे.

भारतात हा धंदा उभा करणाऱ्यांत डॉ. बी. व्ही. राव यांचं नाव पहिलं. त्यांनी १९७१ साली सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग पुढे पुण्यातून चालू लागला, आणि घरोघरी अंडी पोचवणारी अंडी समन्वय समिती १९८२ साली त्यांच्याच पुढाकारानं निघाली. नोव्हेंबर २०१० मध्ये या पुणेकर समूहानं इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना फुटबॉल क्लब विकत घेतला. क्लबचे चाहते पहिल्यापासून धुसफुसत होते. ७ मे २०१२ ला, प्रीमियर लीगमधलं स्थान वाचवण्याच्या सामन्यात, प्रेक्षकांतून कुणीतरी एक जिवंत कोंबडी क्लबचा झेंडा पांघरून मैदानात सोडली. खेळ थांबला. लाखो पौंडांचे पाय तिच्यामागे धावले आणि अखेर तिला धरून बाहेर नेण्यात आलं. सामना ब्लॅकबर्ननं ०-१ असा गमावला आणि प्रीमियर लीगमधल्या सलग अकरा वर्षांनंतर संघ खालच्या श्रेणीत घसरला. पवित्र कोंबड्यांचं जुनं खातं अजून चालू असतं, तर त्या दिवशी नाणेफेकीआधी थोडे दाणे टाकून पाहता आले असते.